इंजिन बांधून दीड वर्षात पुन्हा ऑइल खातंय : परत बांधायचं की दुसरं बसवायचं?

गाडी २००७ची सहा चाकी, टाटाचं ६९७ टर्बो डिझेल इंजिन, मेकॅनिकल पंप. काम चिऱ्याचं. मालवण तालुक्यातल्या खाणींवर जांभा भरायचा, कणकवलीवरून फोंडा घाट चढून कोल्हापूर गाठायचं, येताना खत, सिमेंट, पेंड, मिळेल ते आणायचं. जाऊन-येऊन तीनशे किलोमीटरची खेप. २०२२च्या दिवाळीत खाणी सुरू व्हायच्या आधी इंजिन पूर्ण उतरवून बांधलं होतं. सहा लाइनर (पिस्टन ज्यात वरखाली होतो त्या नळ्या), सहा पिस्टन, त्यांच्या रिंगा, क्रँकची (मुख्य फिरत्या दांड्याची) मेन आणि बिगएंडची बेअरिंगं, हेडचं काम, पंप-नोझल, सगळं झालं. आणि २०२४च्या शिमग्याला गाडी दर खेपेला दोन लिटर ऑइल मागायला लागली. घाटात मागून येणाऱ्याला निळा धूर, ब्रीदरमधून (इंजिनाच्या पोटातली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून) भाता चालल्यासारखा फुसफुस आवाज, सकाळी स्टार्टरला तीन-तीन वेळा हात.

ज्यांनी बांधलं होतं त्यांचं म्हणणं, रिंगा बसल्या नाहीत, परत खोलू. स्टँडवरच्या चौघांचं म्हणणं, एकाच इंजिनावर किती वेळा पैसे घालणार, भंगार बाजारातून चालू इंजिन आणून टाक, चार दिवसांत गाडी रस्त्यावर. दोन्ही सल्ले मनापासूनचे होते. त्यातला कुठलाही ऐकला असता तरी पुढच्या शिमग्याला मी त्याच जागी उभा असतो. ते कसं, हे सांगण्यासाठी हे सगळं लिहितोय. बांधू की बदलू हे ठरवण्याआधी एक गोष्ट हातात पाहिजे : इंजिन कशाने गेलं. ते कारण पुष्कळदा इंजिनाच्या बाहेर असतं, आणि नवीन इंजिन बसवलं तरी ते गाडीतच राहतं.

आधी बघा, इंजिन खरंच गेलंय का

पहिलं काम वही. ऑइल "बरंच खातंय" यावर कुणालाच काही ठरवता येत नाही. रोज सकाळी, गाडी सपाट जागेवर, इंजिन थंड असताना ऑइलची पट्टी (गेज) काढून बघा. किती किलोमीटर झाले, किती ऑइल घातलं, लिहा. दहा दिवस पुरे. माझ्या वहीत पहिल्या महिन्यात खेपेला दीड लिटर होतं, दुसऱ्या महिन्यात दोन. म्हणजे झीज चालू होती, एकदा होऊन थांबलेली नव्हती. हा फरक पुढे फार कामाला आला.

ऑइल जातं ते दोनच वाटांनी, जळून किंवा गळून. गळती आधी बंद करा. क्रँकचं मागचं सील, टॅपेट कव्हर, टर्बोला जाणारा पाइप. गाडीखाली रात्रभर पुठ्ठा टाकून ठेवला की सकाळी नकाशा मिळतो.

मग ब्रीदर. इंजिन गरम करून स्लोवर (एक्सलेटर न दाबता) ठेवा, ऑइल भरायचं झाकण काढून त्याच भोकावर उलटं ठेवा. झाकण तिथेच शांत बसलं तर कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) खाली उतरत नाही. नाचलं, उडालं, तर खाली दाब येतोय. बहुतेक ठिकाणी इथेच निकाल लागतो, "बॅक मारतंय, इंजिन खोला." घाई करू नका. हा दाब रिंगांतूनच येतो असं नाही. ब्रेकच्या हवेचा कॉम्प्रेसर याच इंजिनाच्या ऑइलवर चालतो आणि त्याचं ऑइल इंजिनातच परत येतं. त्याच्या रिंगा गेल्या की तो टाकीत भरायची हवा इंजिनाच्या पोटात भरतो. चाकांना दगड लावा, कॉम्प्रेसरचा टाकीकडे जाणारा पाइप सोडा आणि झाकण पुन्हा उलटं ठेवून बघा. नाचणं एकदम कमी झालं तर तुमचं काम कॉम्प्रेसरच्या किटमध्ये होईल, इंजिनाला हात लावायचा नाही. हवेच्या टाकीचा कॉक सोडल्यावर पाण्याबरोबर काळं ऑइल येत असेल तर ही शंका आणखी पक्की. टर्बोचंही तसंच. त्याची सीलं गेली तर सायलेन्सरमधून निळा धूर येतो आणि दोष रिंगांवर जातो. टर्बोचा बाहेर जाणारा पाइप काढून आत ऑइल साचलंय का पाहा, शाफ्ट बोटाने हलवून पाहा, पंखा घराला घासतोय का ते बघा. आणि पंख्याच्या पात्यांच्या पुढच्या कडा नीट निरखा. याबद्दल खाली सांगतो.

धुराचा रंग ऐकून माहीत असतोच : निळा म्हणजे ऑइल, काळा म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त, पांढरा म्हणजे न जळलेलं डिझेल किंवा पाणी. काळा धूर आणि ओढ नाही एवढंच असेल तर इंजिन सोडून द्या. एअर फिल्टर, नोझल, पंपाचं टायमिंग, याच क्रमाने जा.

शेवटी कॉम्प्रेशन. इंजिन गरम, बॅटरी भरलेली, डिझेल बंद, नोझल काढून गेज लावायचं आणि सहाही सिलिंडर मोजायचे. एकच मोजून सोडू नका. बांधल्यावर माझे सहाही (चौरस सेंटिमीटरला) २४ किलोच्या आसपास होते, तो कागद मी जपून ठेवला होता. आता आले १९, १८, १८, १९, १७, १८. पेट्रोल गाडीसारखं भोकातून चमचाभर ऑइल ओतून परत मोजायची काहींना सवय असते. डिझेलला ते करू नका. वरची जागा इतकी लहान असते की ऑइलच ती भरून टाकतं आणि आकडा खोटा चढतो.

आता हे आकडे काय बोलतात ते बघा. एकच सिलिंडर पडला असता तर मोडलेली रिंग, जळालेला व्हॉल्व्ह, टपकणाऱ्या नोझलने धुतलेला लाइनर, असं एका जागचं काहीतरी शोधलं असतं. शेजारशेजारचे दोन पडले असते तर त्यांच्यामधलं हेड गॅसकेट. पण सहाही सारखेच उतरले होते. सहा घरांत एकाच वेळी एकच आजार शिरला तर तो सहाही घरं जे पितात त्यातूनच शिरणार. ऑइल, डिझेल किंवा हवा.

पाइपातली लाल भुकटी

मला वाटलं पंप. बांधताना नोझल नवे होते पण पंपाचं कॅलिब्रेशन घाईत झालं होतं, जास्त डिझेलने लाइनर धुतले जात असावेत. फोंड्याच्या एका जुन्या पंपवाल्या काकांकडे गाडी नेली. त्यांनी पान्याला हातही लावला नाही. गाडीभोवती एक फेरी मारली, एअर क्लीनरपाशी थांबले आणि म्हणाले, "पंपाक हात लावच्या आदी तो पायप काड बघया."

एअर क्लीनरपासून टर्बोला जाणारा कोपऱ्याचा रबरी होज. दोन्ही क्लिपा सोडून काढला. बाहेरून काळाभोर, धड दिसत होता. काकांनी आत तर्जनी फिरवली आणि माझ्यासमोर धरली. बोटावर कुंकवासारखी बारीक लाल भुकटी. फिल्टरच्या पुढच्या बाजूला, जिथे फक्त गाळलेली हवा असायला हवी, तिथे जांभ्याची धूळ. मग त्यांनी होज दोन्ही हातांत धरून पिळला, तसा क्लिपेच्या खाली, वळणाच्या पोटाला, बोटभर लांबीची चीर उघडली. सोडल्यावर पुन्हा मिटली. इंजिन स्लोवर असताना ती मिटलेलीच राहायची. घाटात लोड आला, इंजिन माउंटिंगवर कलंडलं की उघडायची. म्हणून गॅरेजमध्ये उभ्या गाडीत ती कुणाला दिसली नव्हती.

२०२२चं बिल काढून वाचलं. गॅसकेट सेटपासून नटबोल्टांपर्यंत दोन पानं यादी होती. त्यात होज नव्हता. बांधणाऱ्यांनी सुचवला नाही आणि मीही मागितला नाही. जुना होजच नव्या इंजिनाला लागला होता, आणि कदाचित आधीचं इंजिनही त्यानेच संपवलं होतं.

एवढ्याशा चिरेने काय होतं याचा अंदाज घ्या. हे इंजिन ५,६७५ सीसीचं. चार स्ट्रोकमध्ये दोन फेऱ्यांना एकदा पोट भरतं. २,००० आरपीएमला मिनिटाला साडेपाच हजार लिटरहून जास्त हवा आत जाते, टर्बोने दाबलेली धरली तर आणखी. रिंग आणि लाइनर यांच्यामधला ऑइलचा थर काही मायक्रॉनचा असतो. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा, म्हणजे तो थर किती पातळ ते कळेल. डोळ्याला जेमतेम दिसणारा धुळीचा कण त्या थराच्या दोन्ही बाजूंना एकदम टेकतो. तिथे ऑइल राहत नाही, पॉलिश पेपर राहतो. खाणीत लोडरशेजारी तासभर इंजिन चालू ठेवून उभं राहायची सवय असेल तर आणखीच लवकर.

टर्बोच्या पंख्याबद्दल मघाशी म्हटलं ते याच्यासाठी. पात्यांच्या पुढच्या कडा नव्या ब्लेडसारख्या धारदार आणि सरळ हव्यात. माझ्या पंख्याच्या कडा गुळगुळीत, गोलसर, चकचकीत झाल्या होत्या, वाळूने घासल्यासारख्या. धूळ आत जातेय का हे इंजिन न खोलता सांगणारा याहून चांगला साक्षीदार नाही.

तुमच्या गाडीत शोधायचं असेल तर तीन साध्या युक्त्या. होज काढून अंधारात आत टॉर्च लावा आणि बाहेरून पिळत पिळत प्रकाश येतो का पाहा. इंजिन थोडं रेस करून होजच्या आणि क्लीनरच्या सांध्यांजवळ पेटती अगरबत्ती फिरवा, धूर जिथे आत ओढला जाईल तिथे भोक. आणि सगळ्यात खात्रीची : फिल्टरच्या पुढे पाइपच्या आत बोटभर ग्रीसचा पातळ पट्टा लावा, आठ दिवस गाडी चालवा, मग काढून बघा. ग्रीस खोटं बोलत नाही.

फिल्टरचं एक सांगतो, कारण इथे बरेच जण चुकतात. टायरवाल्याच्या हवेच्या नळीने फिल्टर झोडपून साफ करणं म्हणजे कागदाला न दिसणारी भोकं पाडणं. हवा मारायचीच तर कमी दाबाने, आतून बाहेर, नळी लांब धरून. आतला छोटा सेफ्टी फिल्टर तर झटकायचाच नाही, बदलायचा. क्लीनरच्या तळाची रबरी चोच, जिच्यातून जाड धूळ गळते, ती तुटली असेल तर आधी ती आणा. किंमत किरकोळ आहे.

खोलल्यावर

कारण सापडलं म्हणून झीज भरून येत नाही. होज बदलला तरी १८ किलोचे २४ होणार नव्हते. इंजिन खोलायचंच होतं, पण आता काय बघायचं ते माहीत होतं. कोल्हापूरला शिवाजी उद्यमनगरात मशीनशॉपवर काम दिलं आणि मापं घेताना समोर उभा राहिलो. तुम्हीही राहा. माप कागदावर लिहून घ्या.

पहिलं, वरच्या रिंगा आणि ऑइल रिंगा शेजारी ठेवून बघा. धूळ हवेतून आली असेल तर वरच्या कॉम्प्रेशन रिंगा सगळ्यात जास्त झिजतात, क्रोमचा थर उडालेला, उभे ओरखडे. धूळ ऑइलमधून, म्हणजे घाणेरड्या डब्यातून, न धुतलेल्या ब्लॉकमधून, फाटक्या ऑइल फिल्टरमधून आली असेल तर खालच्या ऑइल रिंगा आणि बेअरिंगं आधी जातात. माझ्याकडे वरच्या रिंगा पातळ पत्र्यासारख्या झालेल्या, ऑइल रिंगा त्या मानाने बऱ्या. म्हणजे हवेचाच निकाल.

दुसरं, लाइनर. झीज वरच्या टोकाला, पहिली रिंग जिथून उलटी फिरते तिथे सगळ्यात जास्त असते, खाली जवळजवळ नसते. बोअर गेज नसेल तर फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) काम भागतं. नवी रिंग लाइनरमध्ये वर घाला, पिस्टनने सरळ करा, तोंडातलं अंतर मोजा. तीच रिंग तळाशी नेऊन पुन्हा मोजा. दोन अंतरांतला फरक ३.१४ने भागा, व्यासाची झीज मिळते. माझ्याकडे फरक ०.८८ मिमी आला, म्हणजे २८ शतांश. मिस्त्रींनी वरच्या कंगोऱ्यावर नख अडकवून दाखवलं. "मालक, हे बघा, नख अडतंय. आता हिथं नुसती रिंग घालून चालणार न्हाई." बरोबर होतं. झिजलेल्या लाइनरमध्ये नव्या रिंगा टाकणं म्हणजे महिना-दोन महिन्यांची उसनवारी.

तिसरं, आणि निर्णय इथे लागतो : क्रँक आणि ब्लॉक. बेअरिंगच्या शेलना (अर्धगोल पट्ट्यांना) एकसारखा राखाडी रंग, तांबं कुठेही दिसत नव्हतं. क्रँकची जर्नलं (बेअरिंगात फिरणारे गोल भाग) मायक्रोमीटरने सगळ्या ठिकाणी मापात, लंबगोल नाहीत. २०२२ला क्रँक ०.२५वर ग्राइंड केला होता, म्हणजे ०.५०, ०.७५ आणि १.०० हे माप अजून शिल्लक. क्रॅक टेस्टमध्ये क्रँक स्वच्छ. ब्लॉक पाण्याच्या दाबावर तपासला, गळती नाही. वरच्या तोंडावर सरळपट्टी ठेवून फीलर सरकवला, कुठेही शिरला नाही. हेडमध्ये व्हॉल्व्ह सीटांच्या मधल्या पट्ट्या तडकलेल्या नाहीत.

मग दुसरं इंजिन कशासाठी घ्यायचं? जे मरतं ते लाइनर-पिस्टन. ते बदलायचेच असतात. ६९७चा लाइनर ड्राय आहे, म्हणजे थंड करणाऱ्या पाण्याला थेट न लागणारा; जुना काढून नवा दाबायचा आणि मापाला बोअर-होनिंग करायचं, ब्लॉक तोच राहतो. ज्याचा ब्लॉक आणि क्रँक शाबूत, त्याने बांधावं. त्या दोन वस्तूंचा इतिहास मला माहीत होता. भंगार बाजारातल्या इंजिनाचा इतिहास विकणाऱ्यालाही माहीत नसतो.

इथे इंजिनाची जात बघावी लागते. ६बीटी ५.९ कमिन्स असेल तर त्यात वेगळा लाइनर नाही, बोअर थेट ब्लॉकमध्ये, १०२ मिमीचा. तो ०.५० आणि १.०० मिमी मोठा करता येतो, ओव्हरसाइझ पिस्टन मिळतात. दोन्ही संपले की स्लीव्ह दाबावी लागते, आणि ते काम करणारा हात चांगला हवा. तुमच्या ६बीटीचा बोअर आधीच १.०० झाला असेल तर बदलण्याकडे तराजू झुकतो. आणि बीएस-४ किंवा बीएस-६ची कॉमन रेल (कंप्युटरच्या हुकमाने डिझेल सोडणारी) गाडी असेल तर हा लेख अर्धाच लागू. तिथे नोझलचे कोड, ईसीयू, वायरिंग सगळं जुळायला लागतं, आणि बाजारातलं सुटं इंजिन आणून टाकणं हा मार्ग मी सुचवणार नाही.

बदलणं कधी बरोबर

माझा मावसभाऊ सांगलीकडे उसाच्या खेपा करतो. त्याच्या गाडीचा ऑइलचा दिवा हंगामाच्या मध्यावर लागला, ड्रायव्हरला वाटलं सेन्सर गेला, तो पुढे तीस किलोमीटर चालवत आला. चौथ्या सिलिंडरचा रॉड ब्लॉक फोडून बाहेर. क्रँकचं जर्नल निळं पडलेलं, ब्लॉकला तळहाताएवढी खिडकी. तिथे बांधण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी त्याला फोनवरच सांगितलं, दादा, बदल. ब्लॉक फुटला, मेन बेअरिंगांची रांग वाकली, क्रँक शेवटच्या मापावर येऊन गेला किंवा तडकला, बोअरवेलच्या पाण्याच्या खारटपणाने ब्लॉकची पाण्याची वाट आतून खाल्ली, यांपैकी काही असेल तर वेल्डिंगच्या आणि चिकटवण्याच्या भरीला पडू नका.

दुसरा विचार दिवसांचा. पूर्ण इंजिन बांधायला मशीनशॉप धरून दोन-तीन आठवडे सहज जातात. तयार इंजिन तीन-चार दिवसांत चढतं. उसाच्या हंगामात, गाडीवर हप्ता चालू असताना, पंधरा दिवसांचं बुडालेलं भाडं हाही इंजिनाच्या किमतीचाच भाग आहे. तो आकडा कागदावर मांडा. माझ्या बाबतीत पावसाळा तोंडावर होता, खाणी बंद होणार होत्या, म्हणून वेळ मला फुकट मिळाला. भावाला तो मिळत नव्हता.

बदलायचं ठरलं तर तीन प्रकारची इंजिनं मिळतात. कंपनीने स्वतः नव्याने तयार केलेलं, जुनं देऊन घ्यायचं इंजिन, टाटा मोटर्सचं प्रोलाइफ तसलं. ते महाग पडतं, पण बिल आणि वॉरंटी येते. दुसरं, माहितीतल्या गॅरेजने बांधून ठेवलेलं. तिसरं, तुटलेल्या गाडीचं "चालू" इंजिन. तिसऱ्या प्रकाराला माझा सरसकट विरोध नाही, पण ते जमिनीवर उभं असताना सुरू करून दाखवतात तेवढ्यावर घेऊ नका. ऑइल चेंबर खाली उतरवायला लावा, एक मेन आणि एक बिगएंड कॅप सोडून शेल बघा, कॉम्प्रेशन सहाही मोजा. नाही म्हणाले तर चालू लागा. फ्लायव्हील हाउसिंग, माउंटिंग, ऑइल चेंबरचा आकार, कॉम्प्रेसर कुठून चालतो, इंटरकूलर आहे की नाही, क्लच प्लेटचा साइझ, हे जुन्याशेजारी ठेवून जुळवा. चार दिवसांचं काम महिन्यावर जातं ते याच गोष्टींपायी.

कागद

इंजिन बदललं की इंजिन नंबर बदलतो, आणि आरसी बुकावर जुना नंबर राहतो. मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ५२प्रमाणे बदल केल्यापासून १४ दिवसांत आरटीओला कळवावं लागतं. गाडीवर कर्ज असेल तर फायनान्सवाल्याची संमती, विम्यावर नोंद. इंजिन त्याच मेकचं आणि त्याच प्रकारचं असावं. कंपनीने ठरवून दिलेल्या मूळ स्वरूपापेक्षा वेगळं काही गाडीत बसवू नये हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९मध्ये पुन्हा स्पष्ट केलेलं आहे, त्यामुळे "जास्त पॉवरचं टाकू" हा विचार डोक्यातून काढा. भंगारातलं इंजिन घेताना ते कुठल्या गाडीचं, ती गाडी रीतसर मोडीत निघाली का, याचा कागद आणि पक्कं बिल मागा. नंबरची जागा घासलेली, पुन्हा ठोकलेली, रंगाखाली दडवलेली वाटली तर ते इंजिन फुकट दिलं तरी नको. अपघातात, पासिंगला किंवा नाक्यावर नंबर जुळला नाही तर गाडी मालकाचीच अडकते. बांधण्याच्या बाजूने हाही एक मोठा मुद्दा आहे : ब्लॉक तोच, नंबर तोच, आरटीओचा एकही फेरा नाही.

आणि इंजिनावर पैसे घालण्याआधी गाडीचं उरलेलं कामाचं आयुष्य बघा. आठ वर्षांपुढे पासिंग दरवर्षी. १२ वर्षांपुढे दोन एक्सलच्या गाडीला नॅशनल परमिट नाही. १५ वर्षांपुढच्या गाड्यांची फिटनेस फी १ एप्रिल २०२२पासून चांगलीच वाढली आहे. माझी गाडी राज्यातच फिरते म्हणून मला चालतं. कोकणातल्यांनी तर इंजिनाआधी चेसिस बघावी. खाऱ्या हवेने रिव्हेटांभोवती पापुद्रे सुटलेत का, केबिनचा तळ गेलाय का, हातोडीने ठोकून बघा. चेसिस गेलेल्या गाडीत नवं काय आणि बांधलेलं काय, कुठलंच इंजिन घालू नका.

बांधल्यावर

मी सहा लाइनर, पिस्टन, रिंगा, सगळी बेअरिंगं त्याच मापात, बिगएंडचे बोल्ट नवे, टर्बोचा आतला संच नवा एवढं केलं. क्रँकला ग्राइंडर लावू दिला नाही. बिल २०२२च्या निम्म्याच्या आसपास आलं. त्यात या वेळी पहिल्या ओळीला मी स्वतः लिहायला लावलं होतं : एअर क्लीनरपासून इंजिनापर्यंतचे सगळे होज, क्लिपा, फिल्टरचे दोन्ही एलिमेंट. इंटरकूलरकडे जाणारे पाइप आतून डिझेलने धुतले, सुकवले, पांढरं फडकं ओढून पाहिलं. फडक्यावर लाल दिसलं म्हणून परत धुतले. हे करायला दोन तास गेले आणि मिस्त्री कंटाळले, पण तीच उरलेली भुकटी पहिल्या दिवशी नव्या रिंगांवर गेली असती.

पहिलं ऑइल ७०० किलोमीटरला काढलं. पहिले आठ दिवस अर्धा लोड, घाटात गिअर आधी पाडून, आणि स्लोवर तासन्‌तास उभं ठेवणं बंद. नवी रिंग लोडवरच बसते, रिकाम्या स्लोवर लाइनरला काच चढते आणि मग खरंच "रिंगा बसल्या नाहीत" असं होतं. खाणीत भरताना आता इंजिन बंद करायचं असं ड्रायव्हरला सांगून ठेवलंय.

तेव्हापासून वही चालूच आहे. पहिल्या हजार किलोमीटरला पाऊण लिटर गेलं, मग दोन हजाराला अर्धा. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी टर्बोकडचा होज काढतो, आत बोट फिरवतो, क्लिपेखालची जागा पिळून बघतो, आणि परत लावतो.